पाटी, बळप आणि टाकी

दगड आणि शाळा यांचा काही संबंध असेल, असे आज एकदम कोणाच्या मनात येणार नाही. आलेच तर ते खिडकीच्या फुटक्या तावदानापाशी येऊन थांबेल. परंतु ज्यांचे बालपण पाटीवर अक्षरे गिरविण्यात गेले, त्यांनी क्षणभर आठवून पाहावे. ती पाटी दगडाचीच होती. लाकडी चौकटीत बसविलेला तो काळा, पातळ पदर जमिनीच्या पोटातून निघालेला होता आणि त्यावर ओढावयाची पेन्सिलही दगडाचीच होती. कन्नड शाळेतील मुले तिला ‘बळप’ म्हणत. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाच्या कानाला हा शब्द परका नाही. ज्या मऊ, गुळगुळीत दगडापासून बळप करतात त्याला कन्नड भाषेत ‘बळपद कल्लु’ असे नाव आहे. आणि बेलूर-हळेबीडची होयसळ मंदिरे, ज्यांच्या भिंतींवरील हत्तींच्या रांगा आणि मदनिका पाहण्यास लोक दूरदूरून येतात, ती याच जातीच्या दगडात कोरलेली आहेत. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराची प्रतिष्ठा १११७ साली झाली. म्हणजे पहिलीतला पोर ‘ग गवताचा’ काढताना जे झिजवीत होता, ते त्या मदनिकांचे सख्खे भावंड होते.

शाळेने दगड असा मुलाच्या हाती दिला खरा. पण तो लिहिण्यापुरता दिला. घडविण्यासाठी कधी दिला नाही. पुढे पाटी पत्र्याची झाली, मग प्लॅस्टिकची झाली, नंतर वहीच आली, आणि लिहिण्यापुरता असलेला दगडही शाळेतून निघून गेला.

हाताने काम करून शिकावे, हा विचार बेळगावला नवा नाही. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले ते टिळकवाडीत. त्या जागेला विजयनगर हे नाव दिले होते आणि पाण्यासाठी जी विहीर खोदली तिला पंपा सरोवर म्हणत. ती विहीर आजही तेथे आहे. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात सूतकताई आली, विणकाम आले, शेती व सुतारकाम आले. पुढील काळात शाळाशाळांतून टकळ्या फिरल्या, काही ठिकाणी रंधेही चालले. छिन्नी-हातोड्याचा आवाज मात्र कोणत्या शाळेच्या पडवीतून सहसा उमटला नाही. अगदी अलीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असे सुचविलेले आहे. उदाहरण म्हणून तेथे सुतार, माळी, कुंभार आणि कलावंत यांची नावे घेतली आहेत. पाथरवटाचे नाव याही यादीत नाही.

असे का व्हावे? दगड जड, दगड कठीण, दगडाने बोट ठेचते, ही कारणे खरी आहेत. पण एक कारण याहून आतले आहे. आपल्या बोलण्यात दगडाला मान नाही. तुरुंगात खडी फोडावयास लावतात, ती शिक्षा म्हणून. वर्गात एखाद्या मुलाला गणित उमगले नाही की ‘दगड आहेस नुसता’ असे शिक्षक सहज बोलून जातात. ज्या मुलाचा बाप रस्त्याकडेला पाल ठोकून पाटे-वरवंटे घडवितो, तोही मुलगा त्याच बाकावर बसून हे शब्द ऐकत असतो, याची आठवण त्या क्षणी कोणाला राहत नाही.

मातीचे काम शाळांना जवळचे वाटते. गणेशचतुर्थीच्या आधी शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा होतात, मुले रमतात, पालक छायाचित्रे काढतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र माती आणि दगड यांची शिकवण अगदी उलट आहे. मातीत भर घालता येते. कान लहान झाला तर आणखी एक गोळी चिकटवावी. दगडात केवळ काढता येते. म्हणून जुने कारागीर मूर्ती करताना नाक प्रथम मोठे ठेवतात आणि डोळे लहान. मोठे नाक पुढे कमी करता येईल, लहान डोळा पुढे उघडता येईल. उलट केले तर उपाय नाही. चित्रकलेच्या वहीशेजारी रबर असते. दगडाशेजारी ते नसते. कमळ कोरताना एका पाकळीचे टोक उडाले तर उरलेल्या साऱ्या पाकळ्या तेवढ्याच खाली उतरवाव्या लागतात. झालेली चूक पुसावयाची नाही, तिला धरून पुढचे सारे काम नव्याने आखावयाचे, हा अनुभव तेराचौदा वर्षांच्या मुलाला शाळेतील दुसऱ्या कोणत्या विषयात मिळतो? गणिताचे चुकलेले पान फाडून टाकता येते.

काम शिकविण्याचा क्रम मात्र नीट सांभाळावा लागतो. उत्साही शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना गणपती किंवा शिवछत्रपती कोरावयास सांगतील, तर आठवड्यात वर्ग ओस पडेल. प्रथम मूर्ती नाही, वेलबुट्टी नाही, कमळही नाही. प्रथम एक सपाट बाजू. वीतभर लांब-रुंद असा ओबडधोबड तुकडा घ्यावा, तो वाळूच्या पोत्यावर बसवावा, म्हणजे हलत नाही आणि खालून टिचतही नाही. एका कडेजवळ गेरूची दोरी मारून रेघ काढावी आणि त्या रेघेपर्यंत बोटभर रुंदीची पट्टी टाकीने उतरवावी. मग समोरच्या कडेला तशीच दुसरी पट्टी. आता दोन्ही पट्ट्यांवर सारख्या उंचीच्या दोन सरळ फळ्या आडव्या ठेवून, एक डोळा मिटून पाहावे. पुढच्या फळीची वरची कड मागच्या फळीच्या कडेशी तंतोतंत मिळाली तर दोन्ही पट्ट्या एका पातळीत आहेत. एका बाजूला मागची फळी डोकावत असेल तर तेथे दगड अजून उंच आहे. हे जुळले की उरलेल्या दोन कडा जोडावयाच्या आणि मधला उंचवटा हळूहळू खाली आणावयाचा. दोन समांतर रेषांतून एकच प्रतल जाते, हे वाक्य मुलगा भूमितीच्या तासाला पाठ करतो. येथे ते त्याच्या मनगटातून उतरते, आणि त्यासाठी त्याला दोनतीन आठवडे लागतात.

टाकी धरण्यातही शास्त्र आहे. ती दगडावर अगदी उभी धरली तर दगड कापला जात नाही, चिरडला जातो. काळ्या दगडावर अशा घावाचा पांढरा डाग उठतो आणि तो घासूनही लवकर जात नाही. फार आडवी धरली तर टाकी घसरते. या दोहोंच्या मधला कोन हाताला सापडावा लागतो. तो तोंडी सांगून समजत नाही. घाव कडेकडून आत मारावयाचा, आतून कडेकडे मारला की कोपरा उडून जातो. नवशिक्या मुलाची दृष्टी अंगठ्याच्या भीतीने टाकीच्या डोक्याकडे लागलेली असते. ती टोकाकडे न्यावयाची, हातोडा आपली वाट आपण शोधतो. असा विश्वास बसण्यास दिवस लागतात, आणि तोवर एखाददुसरा अंगठा काळानिळा होणारच. आणखी एक गोष्ट कानाची. पाथरवट दगड निवडताना तो वाजवून पाहतो. अखंड दगड खणखणीत बोलतो, आत चीर असलेला बद्द वाजतो. एका मुलाने टाकी मारावी आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकावे, एवढा धडाही पुष्कळ होतो.

दगड कोणता द्यावा, हा यापुढचा प्रश्न. बेळगावकरांच्या पायाखाली जांभा आहे. खाणीतून ताजा काढला असता तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्या-उन्हात राहिला की कठीण होत जातो. म्हणून तर कोकणात, गोव्यात आणि मलबारात घरे, गढ्या, चर्चच्या भिंती आणि वाटेवरचे क्रूस जांभ्याचे बांधले गेले. त्याच्या छिद्रांमुळे त्यात नाजूक काम उतरत नाही. पण चौकोन, गोल, पायरी, कोनाडा असे मोठे आकार शिकण्यास तो उत्तम. काळा पत्थर, म्हणजे सह्याद्रीचा बेसाल्ट, शाळकरी हाताला फार कठीण आहे. नववी-दहावीत एखादे अक्षर कोरण्यापुरता तो ठेवावा. याच दगडात खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि त्याचा वर्तुळाकार उघड्या छताचा स्वर्गमंडप उभा राहिला, हे निपाणीच्या मुलांना सहलीत पाहता येते. गोकाकच्या धबधब्याखाली जो वालुकाश्म दिसतो त्या जातीचा दगड छान कापला जातो, पण त्याविषयी पुढे एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे. मुलांच्या हाताला सर्वांत मानवणारा दगड म्हणजे पुन्हा तो बळपाचाच. चाकूनेही तो कोरता येतो, कानशीने घासता येतो, आणि चार तासांत काही तरी आकार दिसू लागल्यामुळे मुलाचा धीर खचत नाही.

आता ती गंभीर गोष्ट. दगडाची धूळ ही साधी धूळ नव्हे. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे शाळांसाठी राखी रंगाच्या पाटीवरच्या पेन्सिली तयार होत. तेथील दगडात सिलिका पुष्कळ, आणि तो यांत्रिक करवतीने कापला जाई. त्या कामगारांची छाती ‘सिलिकोसिस’ या रोगाने दगडासारखीच होत गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने केलेली पाहणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांत हा रोग आढळला होता. त्यांत कितीएक ऐन तारुण्यातले होते. या रोगाने गेलेले फुप्फुस परत येत नाही. मध्य प्रदेश शासनाने १९८२ साली स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कायदा केला. बालकामगारांना मनाई असलेल्या कामांच्या यादीतही स्लेट-पेन्सिलींचे उत्पादन घातले गेले. देशभरच्या मुलांनी ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरविली, तिच्यासाठी कोणीतरी असा श्वास मोजला होता.

म्हणून शाळेत दगड आणावयाचा असेल तर काही नियमांत सूट असू नये. वालुकाश्म मुलांना देऊच नये. त्यात बहुतांश सिलिकाच असते. बळपाच्या दगडाच्याही काही खाणींत ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात, तेव्हा तो कोठून आला हे विचारून आणि तपासून घ्यावा. काम उघड्यावर, झाडाच्या सावलीत, दगड सतत ओला ठेवून करावे. विजेवर फिरणारी कापणी-चकती शाळेच्या आवारात येऊ देऊ नये. एका हाताच्या टाकीने दिवसभरात जेवढी धूळ उडत नाही तेवढी ती कोरड्या दगडावर काही मिनिटांत उडविते. डोळ्यांवर चष्मा हवाच. काम संपल्यावर झाडू मारावयाचा नाही, पाणी टाकून पुसावयाचे. आठवड्यातून दोन तासांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात राबविण्यास मनाई आहे, आणि शाळेने शिक्षणाच्या नावाखाली विक्रीसाठी दिवे किंवा मूर्ती करवून घेण्याचा मोह धरला तर तो त्याच मनाईच्या आत येईल, असे समजून वागावे.

शिकवणी आणि प्रत्यक्ष बांधकाम यांची गाठ एकदा मुंबईत पडली होती, ती कथा येथे उपयोगी पडेल. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाय कलाशाळेत १८६५ साली लॉकवुड किपलिंग शिल्प शिकविण्यास आले. ते दहा वर्षे राहिले. त्यांच्या नंतर, जॉन ग्रिफिथ्स यांच्या काळात, फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेले बोरीबंदरचे मोठे स्थानक १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभे राहिले आणि त्यावरील पाने, फुले, पशुपक्षी यांचे पुष्कळसे कोरीव काम कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्याच्या कमानींखालून रोज लाखो माणसे धावत जातात. मान वर करणारा एखादाच. विद्यार्थ्याचा हात एवढ्या मोठ्या कामास पुरतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. पुढे कलाशिक्षणाचा मार्ग कागदाकडे आणि प्लॅस्टरकडे वळला. शाळेपर्यंत जे पोचले ते महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कर्नाटकात लोअर आणि हायर अशा चित्रकला-परीक्षांच्या रूपाने. त्यांचे सारे साहित्य एका कंपासपेटीत आणि रंगपेटीत मावते.

शिकविणार कोण? चित्रकलेच्या शिक्षकाला आखणी येते, टाकी येत नाही. आणि त्यात त्याचा दोष नाही. वयस्क श्रोत्यांना दुपारच्या वेळी गल्लीतून येणारी ‘टाकी लावायची का टाकी’ ही हाक आठवत असेल. जाते किंवा पाटा गुळगुळीत झाला की वडाराची बाई किंवा बाप्या दारात बसून त्यावर पुन्हा दात पाडून देई. सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे ते ठोके कोणत्याही मोजपट्टीवाचून पडत. मिक्सर आले आणि ती हाक बंद होत गेली. पण हात अजून आहेत. वडार आणि पाथरवट कुटुंबांतील साठीपलीकडची माणसे बेळगाव, निपाणी, संकेश्वर या बाजूला आजही भेटतील. त्यांची मुले चालक झाली, बांधकामावर गेली, काहींनी चकती हाती घेतली. या माणसाला वर्गासमोर उभे करावयाचे तर पदवी आणि बी. एड. आडवे येते. पाहुणा म्हणून बोलावले तर शाल आणि नारळ देऊन तासाभरात निरोप देतात. हे पुरेसे नाही. त्याला वर्षभराच्या वेतनावर, ‘गुरुजी’ या संबोधनाने आणावे. त्याचे हस्ताक्षर हजेरीपुस्तकात चालत नसेल तर शेजारी चित्रकलेचे शिक्षक आहेतच. त्यांनी नोंदी ठेवाव्यात आणि त्याच्याकडून टाकी शिकावी. कारकळच्या रेंजाळ गोपाळ शेणै यांनी धर्मस्थळची ३९ फुटी बाहुबली मूर्ती घडविली, त्याच कारकळजवळ मियार येथे कॅनरा बँकेने कारागिरांसाठी शिल्पशाळा काढली. पण ती शाळा संपविलेल्या तरुणांसाठी आहे. ज्या वयात हात वळतो, त्या वयासाठी अशी सोय दिसत नाही.

सपाट बाजू साधली की दुसरा धडा अक्षराचा. येथे टिळकवाडीच्या मुलाला जो लाभ आहे तो पुण्याच्या मुलाला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर दोन लिप्या आहेत. देवनागरीची शिरोरेघ आणि उभा दंड टाकीला सोपे जातात, पण ‘ह’ आणि ‘क्ष’ घाम काढतात. कन्नड अक्षरांची वळणे ताडपत्रावरच्या लेखणीने गोल केली असे म्हणतात. ती वळणे दगडात नेताना टाकी क्षणाक्षणाला फिरवावी लागते. पाट्यांवरील अक्षरांवरून या भागात किती कडवटपणा झाला, हे श्रोत्यांना सांगावयास नको. दगडावर मात्र या भाषा फार पूर्वीपासून शेजारी नांदत आहेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख एकमेकांलगत कोरलेले आहेत. ज्याने ‘अ’ आणि ‘ಅ’ ही दोन्ही अक्षरे स्वतःच्या हाताने एकाच फरशीवर कोरली, आणि दोहोंसाठी सारखाच अंगठा ठेचून घेतला, त्याला पुढे कोणत्याही अक्षरावर काळे फासणे थोडे जड जाईल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

कमळ तिसऱ्या वर्षी. त्यापूर्वी वर्गाला बेळगावच्या किल्ल्यात न्यावे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेल्या कमळ बस्तीच्या मुखमंडपात छतापासून खाली उमललेले दगडी कमळ आहे. त्याच्या ७२ पाकळ्यांवर तीर्थंकरांच्या आकृती आहेत. एरवी सहलीतील मुले वर पाहतात, ‘वा’ म्हणतात आणि डबे उघडतात. ज्याच्या हातून एक पाकळी उडालेली आहे, तो मुलगा तेथे वेगळेच पाहतो. डोक्यावर लोंबणारे हे काम खाली जमिनीवर उलटे ठेवून केले असेल की काय? वर चढविताना पाकळी दुखावली असती तर? असे त्याने विचारले की शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये; गुरुजींकडे पाहावे.

साहित्य म्हणाल तर फार नाही. वीस मुलांच्या वर्गाला वीस हातोड्या, प्रत्येकी अर्ध्या किलोच्या, चाळीस टाक्या, वाळूची पोती, गुण्या, गेरू, पाण्याच्या बादल्या, चष्मे. टाक्या मात्र बोथट होतात, आणि दर आठवड्याला त्या लोहाराकडे न्याव्या लागतात. हे काम शिपायाकडे न देता पाळीपाळीने दोन-दोन मुलांकडे द्यावे. लोहार टोक तापवून ठोकतो, लाल टोक पाण्यात बुडवितो, बाहेर काढून घासतो आणि थांबतो. उरलेल्या उष्णतेने पोलादावर गवती रंग सरकत टोकाकडे येतो. तो निळा होण्याच्या आत पुन्हा पाण्यात बुडविले तर टाकी दगडाला पुरते; क्षणभर उशीर झाला तर ती मऊ राहते, आणि रंग चढण्याआधीच बुडविली तर पहिल्याच घावाला टोक तुटते. मुलांनी भात्यापाशी उभे राहून तो रंग पाहावा, आणि शाळेत परत येऊन गुरुजींच्या पुढ्यात टाक्या मोजून ठेवाव्यात.